लाल रेघेपर्यंत

१२ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेतली नोकरी सोडून एकोणीस वर्षं झाली, आणि आज मी पुन्हा विद्यार्थी झालो. समाजकेंद्राच्या वरच्या मजल्यावर ‘घरच्या घरी पुस्तक’ नावाचा वर्ग सुरू झालाय. दर गुरुवारी सकाळी दोन तास. आम्ही सहा जण आहोत. मास्तरीण ओगाताबाई. त्यांनी तीस वर्षं वर्तमानपत्रात पानं लावली. बोलतात कमी, बघतात फार.

पहिला धडा म्हणजे फळ्यावर एक रिकामा चौकोन. “हे पान. अजून एक अक्षर नाही, पण त्याला अवयव आहेत.” वरचा समास म्हणजे आकाश, खालचा म्हणजे धरती. शिवणीकडचा समास तो गळा. “गळा अरुंद ठेवलात तर पुस्तक शब्द गिळतं,” बाई म्हणाल्या.

मी ते लगेच टिपून घेतलं. एवढी वर्षं मुलांना कविता शिकवली, आणि पानालाही गळा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

शेजारी कानो बसला होता. पहिलीपासूनचा सोबती, हात थरथरायला लागले म्हणून केशकर्तनालय बंद केलेला. तो आपल्या सोनमाशांचं पुस्तक करणार आहे. माझं ऐकून म्हणाला, “शाळेतल्या पोरांच्या कविता? कोण वाचणार रे सेइजी? माझे मासे बरे, निदान तोंड उघडून काही बोलत तरी नाहीत.”

कोण वाचणार ते मी त्याला सांगितलं नाही. इथे लिहितो.

अडतीस वर्षं दर वसंतात मी वर्गाची कवितांची वही काढायचो. मेणकागदावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचो, हाताने छापायचो, आणि माझी बायको किनु बैठ्या मेजाशी बसून पानं दुमडायची, शिवायची. शिवण्याआधी वाचायची. आवडलेल्या कवितेवर लाल पेन्सिलीने गोल काढायची. माझी पहिली वाचक, आणि मान्य करायला हरकत नाही, सर्वांत कडक. जुलैमध्ये तिच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. सप्टेंबरच्या मध्यावर घरी आली. चालते, बोलते, देवाची कृपा. पण कविता हातात दिली की थोडी वाचते आणि खाली ठेवते. “अपुरी आहे,” म्हणते.

वीस डिसेंबरला तिला सत्त्याहत्तर पूर्ण होतील. तोवर पुस्तक तिच्या हातात पडलं पाहिजे, आणि तिने ते वाचलं पाहिजे. नाही वाचलं, तर आमच्या दोघांत जे होतं त्यातलं निम्मं गेलं असं मी धरून चालेन.

१५ ऑक्टोबर, रविवार

किनुने आजही भात तसाच टाकला. सूप मात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, तळातल्या शिंपल्यासुद्धा एकेक उघडून खाल्ल्या. म्हणजे भूक आहे. माझा भातच बिघडतोय. पाणी कमी करून पाहिलं, तांदूळ बदलून पाहिला. “भात नको का?” विचारलं तर म्हणते, “तुम्ही वाढलाच नाहीत.” वाटी समोर असताना! पूर्वी असा टोमणा तिने कधी मारला नव्हता.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज पान दाखवायचं होतं. मी एका पानावर चार कविता बसवल्या होत्या, भोवती वेलबुट्टी, कोपऱ्यात फुलपाखरं, मोकळ्या जागेत एक ढग. आमच्या मेणकागदाच्या काळात कागद फुकट घालवणं पाप होतं.

बाईंनी पान हातभर लांब धरलं. “गुरुजी, यात सगळे एकदम बोलताहेत. तुमच्या वर्गात असं चालायचं?”

“छे हो. हात वर करूनच बोलायचं.”

“मग पानातही एकालाच हात वर करू द्या.”

नंतर त्यांनी शिकवलं ते असं. जे एकमेकांचं आहे ते जवळ असावं. मुलाचं नाव त्याच्या कवितेला चिकटून, दुसऱ्या कवितेपासून लांब. सगळ्या ओळी एका अदृश्य दोरीला टेकलेल्या असाव्यात. अर्धवट सरकलेलं दिसलं की डोळा अडखळतो. मोठं करायचं तर धीटपणे मोठं करा. थोडंसं मोठं केलेलं अक्षर चुकल्यासारखं दिसतं.

कानोच्या पानावर चौतीस मासे होते. बाई म्हणाल्या, “एक ठेवा.” कानोचा चेहरा असा झाला की जणू तेहतीस मासे त्यांनी तळून खाल्ले.

२३ ऑक्टोबर, सोमवार

व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या होत्या. त्या नेहमी किनुच्या डाव्या अंगाला उभ्या राहून “इकडे, इकडे बघा” करतात. मानेचा व्यायाम असावा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, डाव्या बाजूकडे लक्ष द्यावं लागेल. मी देतो आहे. रोज रात्री तिचा डावा हात कोमट तेलाने चोळतो. हात आता छान चालतो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा धडा कोऱ्या जागेचा. बाई म्हणतात, कोरी जागा उरलेली नसते, ठेवलेली असते.

पूर्वी वर्गात एखादं मूल कविता म्हणून खाली बसलं की मी लगेच दुसऱ्याचं नाव पुकारत नसे. थोडं थांबायचो. खिडकीबाहेरच्या तळ्यावरून वारा यायचा, चाळीस मुलं गप्प असायची, आणि ती कविता अजून वर्गात उभी आहे असं वाटायचं. ती शांतता मीच ठेवत होतो. पानावर कशी ठेवायची ते मात्र आज कळलं.

घरी येऊन हे सगळं किनुला सांगितलं. मेजाशी मी माझ्या नेहमीच्या जागी, तिच्या डावीकडे. लग्नापासून हीच जागा. खूप वेळ बोललो. तिने मान वळवली नाही. शेवटी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “अहो, कुठे आहात तुम्ही? आवाज येतोय.”

मी आहे तिथेच आहे, असं मी जरा रागानेच म्हणालो. तिला माझा कंटाळा आला असेल तर तसं सांगावं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

वेलबुट्टी काढली. एका पानावर दोन कविता, अक्षर मोठं. एकशे बारा कवितांचे अठ्ठावीस मोठे कागद झाले; उघडलेल्या पुस्तकासारखे, उजवं पान आणि डावं पान शेजारी शेजारी. अर्थात सगळं आपल्या जपानी रीतीने उभ्या ओळींत. कविता उभीच हवी. पावसासारखी वरून खाली यावी आणि ओळीमागून ओळ उजवीकडून डावीकडे सरकत जावी.

छापून आणले आणि किनुपुढे ठेवले. सोबत लाल पेन्सिल. “आवडतील त्यांना गोल काढ. पूर्वीसारखं.” पेन्सिल हातात घेताना हसली. बऱ्याच दिवसांनी.

५ नोव्हेंबर, रविवार

तिने अठ्ठावीसही कागद पाहिले. तीन दिवस रोज सकाळी बसली. मी बागेत पेरूच्या झाडाशी काम असल्याचं सोंग करत होतो. (पेरूचं झाड नाही आमच्याकडे, काकी नावाच्या फळाचं आहे. काम तर मुळीच नव्हतं.)

निवड बघितली आणि बसलोच. माझ्या जिवाभावाच्या कविता सगळ्या टाकल्या. आणि गोल कशाला, तर शेंबडावरची कविता, सायकलच्या घंटीवरची कविता! बुटांवरची ती कविता, जी मी वीस वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला म्हणून दाखवली, तिच्याजवळ पेन्सिल थांबलेलीही दिसत नाही.

ती मी तिला मोठ्याने वाचायला लावली. वाचली:

बाबांचे बूट दारात उभे आहेत.
बाबा झोपले तरी बूट जागे आहेत.

आणि थांबली.

“मग?” मी म्हणालो.

“मग काय? तेच तर विचारते मी. मग?”

“पुढे आहे की.”

“नाही हो. मुलाने सोडून दिलंय. तुम्ही पूर्वी अशी अपुरी कविता घेत नव्हता.”

मी वाद घातला नाही. कागद गोळा केले. तिची पारख गेली, असं आज पहिल्यांदा स्पष्ट लिहितो. लिहिताना वाईट वाटतं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायला हवं.

वर्गात जाऊन बाईंना म्हणालो, पुस्तक बंद. ज्या वाचकासाठी करत होतो त्याला ते नको आहे. आणि अठ्ठावीस कागद मेजावर ठेवले. कानोला हाताशी घेऊन बाईंनी सगळे कागद भिंतीवर ओळीने लावले. वर्तमानपत्रात म्हणे असंच करतात, पानं लावून झाली की लांब जाऊन उभं राहायचं.

“गुरुजी, इथे या. मागे, दारापर्यंत. आता डोळे किलकिले करा. वाचू नका. नुसतं काळं-पांढरं बघा.”

मी डोळे बारीक केले. अक्षरं विरघळून राखाडी ढग झाले. लाल गोल तेवढे उरले.

“काय दिसतं?”

“गोल दिसतात.”

“कुठे?”

मी बघत राहिलो. माझ्याआधी कानोच बोलला. “अरे, सगळे एकाच बाजूला आहेत की. उजवीकडे. डावी पानं कोरी करकरीत.”

अठ्ठावीस कागद. डाव्या पानावर एकही गोल नाही. उजव्या पानावरही जे गोल, ते पहिल्या कवितेवर.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, ही आवडनिवड नाही. वाचकाची नजर पानात कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. ही नजर उजवीकडून शिरते आणि मध्यावर संपते. त्यांच्यासाठी डावी बाजू नाहीच आहे.”

“डोळे तपासलेत. डोळे चांगले आहेत.”

“डोळ्यांबद्दल मी बोलतच नाही.”

मग बुटांची कविता काढली. चार ओळी, उजवीकडून डावीकडे. किनुने वाचल्या त्या उजवीकडच्या दोन. अपुरी कविता मुलाने लिहिलेली नव्हती.

आडव्या ओळी असत्या तर प्रत्येक ओळीची सुरुवात गळाली असती, वाक्यं मोडली असती, कोणाच्याही ध्यानात आलं असतं. आमच्या उभ्या ओळी मात्र पूर्ण राहतात. फक्त शेवट जातो. आणि शेवट नसलेल्या कवितेला या देशात कोण वेडं म्हणतं? उलट वा म्हणतात.

कानो मला घरापर्यंत सोडायला आला. वाटेत एकदाही चेष्टा केली नाही. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दवाखान्याचा कागद खणात सापडला. लिहिलंय स्वच्छ: ‘डाव्या बाजूचं भान कमी. वाढताना, बोलताना, बसताना ध्यानात ठेवावं.’ मी हातावर तेल चोळत बसलो. दोन महिने.

भाताची वाटी डावीकडे असते. सूप उजवीकडे. जन्मभर असंच वाढतात.

आणि मी डावीकडे बसतो.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी भात उजवीकडे ठेवला. असं ताट फक्त गेलेल्या माणसापुढे ठेवतात. आईने पाहिलं असतं तर काठी घेतली असती. किनुने भात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी आज तिच्या उजवीकडे बसलो होतो.

“हे काय? मला पोचवलंत की काय एवढ्यात?”

“खा मुकाट्याने.”

“भात मिळतोय तर मेलेली परवडली,” म्हणाली, आणि सगळा संपवला. पुन्हा मागितला.

मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभा राहिलो.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. वर्गाने माझं काम स्वतःचंच समजून घेतलंय. कानो म्हणाला, “सगळं उजवीकडे कोंबून टाक.” बाई म्हणाल्या, कोंबलं तरी त्या कोंबलेल्याचीही डावी बाजू असतेच, तीही जाईल. व्यायामवाल्या बाईंना मी सोमवारी विचारलं होतं. त्यांनी सांगितलेला उपाय ओगाताबाईंना सांगितला: डाव्या कडेला काहीतरी ठळक हवं, की जे सापडेपर्यंत शोधत राहायचं.

बाईंनी पानावर कवितेच्या डाव्या कडेला आकाशापासून धरतीपर्यंत एक जाड लाल रेघ ओढली. “पानात रंग एकच. दुसरीकडे कुठेही लाल नको. नाहीतर हाक हरवेल.”

मग कविता एकच, उजव्या पानावर, दोन्ही बाजूंनी आखडून घेतलेली. गळा रुंद. डावं पान पूर्ण कोरं.

“म्हणजे निम्मं पुस्तक रिकामं?” कानो.

“ठेवलेलं,” मी म्हणालो. बाई फळा पुसत होत्या. त्यांचे खांदे हलले, हसल्या असाव्यात.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज एक नमुना किनुला दाखवला. म्हणालो, लाल रेघ दिसेपर्यंत थांबायचं नाही. तिने वाचलं, मध्यावर थांबली. “रेघ?” मी विचारलं. “कुठाय रेघ? उगाच काहीतरी.” मी तिचा डावा हात उचलून कागदाच्या कडेवर ठेवला. ती स्वतःच्या हाताकडे हळूहळू वळली, गर्दीत ओळखीचं कोणी दिसावं तशी. रेघ सापडली. पण तोवर कविता विसरली होती आणि दमली होती. झोपली.

एका पानाला अकरा मिनिटं लागली.

३० नोव्हेंबर, गुरुवार

एकशे बारांतून चोवीस ठेवल्या. पाच ओळींच्या वरची एकही नाही. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी मुलांची नावं मी रात्री अंथरुणात हजेरीसारखी पुकारली आणि मनात प्रत्येकाची माफी मागितली. त्यातली कित्येक आता आजोबा असतील. बुटांची कविता ठेवली.

किनुचं पान सहा मिनिटांवर आलंय. कधीकधी रेघेपर्यंत पोचते, कधी नाही. नाही पोचली की ‘अपुरी’ म्हणते, पण आता मग स्वतःच “थांबा, रेघ कुठाय?” असंही म्हणते.

१४ डिसेंबर, गुरुवार

पुस्तक छापून, शिवून झालं. शिवण मीच घातली, वाकडी आहे. कानोच्या पुस्तकात पानागणिक एकच मासा आहे आणि चारही बाजूंना नुसतं पाणी. सुंदर आहे. त्याला तसं म्हणालो तर म्हणाला, “असूया वाटते ना? वाटू दे.” शिशिराचा पहिला बर्फ भुरभुरत होता, तळं दिसत नव्हतं.

ओगाताबाईंनी पुस्तक चाळलं, उलटं धरून पाहिलं, किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणाल्या, “बरं आहे.” वर्तमानपत्रात त्यांनी तीस वर्षांत किती जणांना बरं आहे म्हटलं असेल कोण जाणे.

२० डिसेंबर, बुधवार

सकाळी लाल चवळीचा भात केला, वाढदिवसाचा. उजवीकडे ठेवला. मग तिच्या उजव्या बाजूला बसून पुस्तक हातात दिलं. बोलायचं ठरवलेलं भाषण होतं, ते राहिलं.

तिने मधूनच एक पान उघडलं. कुवायामा नावाच्या मुलाची कविता, तिसरीतला, नऊ वर्षांचा, बाप तळ्यात शिंपल्या काढायचा. डावा हात तिने आपला आपण कडेवर नेऊन ठेवला. मग मोठ्याने वाचायला लागली, वर्गात उभं राहून वाचावं तशी:

आईने शिंपल्या पाण्यात ठेवल्या.
रात्रभर त्या वाळू थुंकत होत्या.

इथे थांबली. काही बोलायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. तिचं बोट कडेवर वरखाली झालं, रेघेला लागलं, आणि नजर तिथून परत उजवीकडे आली, सुटलेली ओळ शोधत.

सकाळी आई म्हणाली,
आता त्यांचं मन मोकळं झालं.
मलाही असंच मोकळं व्हावंसं वाटतं.

वाचून झालं. पुढचं कोरं पान होतं. तिने ‘अपुरी’ म्हटलं नाही. मीही दुसऱ्याचं नाव पुकारलं नाही.

मग म्हणाली, “शेवटची ओळ पोराची नाही.”

“म्हणजे?”

“नऊ वर्षांचं पोर असं बोलतं होय? त्याचं आईपाशी संपलं होतं. ही ओळ तुमची आहे.”

“छे, छे. काहीतरीच तुझं.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

मी बघितलं. तिचे दोन्ही डोळे माझ्यावर होते. सांगता आलं नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मेणकागदावर पान भरत नव्हतं, तळाशी एका ओळीची जागा उरली होती, आणि मला वाटलं होतं कवितेला जरा उंची येईल. मुलाला विचारलंही नव्हतं.

“तेव्हाही मला कळलं होतं,” किनु म्हणाली. “म्हटलं, गुरुजींना वाईट वाटेल. आता सत्त्याहत्तरीला कोणाची भीडभाड? अजून किती पोरांच्या तोंडी शेपट्या लावल्यात?”

“एवढीच.”

“एवढीच?”

“एखाददुसरी असेल.”

“बघतेच,” म्हणाली, आणि पान उलटलं. डावा हात कडेवर ठेवला.

चोवीस कवितांत तशा नऊ आहेत. कुठल्या ते मला पाठ आहे. तिला सांगितलं नाही. सगळ्या अगदी शेवटच्या ओळी आहेत. शोधायच्या तर तिला प्रत्येक वेळी रेघेपर्यंत जावं लागेल.